पित्ताशयाची शस्त्रक्रिया : मोठ्या छेदापासून दुर्बिणीपर्यंत

"डॉक्टर, पित्ताशय काढल्यावर अन्न पचेल का?" रोडपालीतल्या दवाखान्यात हा प्रश्न नेहमी येतो. उत्तर जुनेच आहे. १८८२ साली बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी पहिल्यांदा पित्ताशय काढले आणि रुग्ण बरा झाला. पित्त यकृतात तयार होते; पित्ताशय ही फक्त साठवणीची पिशवी आहे.

पुढची शंभर वर्षे पोटावर मोठा छेद घ्यावा लागे. १९८५ मध्ये जर्मनीत एरिख म्यूहे यांनी, तर १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहम्टन उदवाडिया यांनी ही शस्त्रक्रिया दुर्बिणीतून केली. वेदना कमी झाल्या, रुग्ण लवकर घरी जाऊ लागले.

पण सुरुवातीला पित्तनलिकेला इजा होण्याचे प्रमाण वाढले. त्यातूनच सर्जन शिकले : नलिका आणि रक्तवाहिनी स्पष्ट ओळखल्याशिवाय काहीही कापायचे नाही. आज हा धोका हजारात साधारण तीन-चार रुग्णांना असतो. कमी आहे, शून्य नाही. म्हणून दुर्बिणीतून सुरू केलेली शस्त्रक्रिया पोट उघडून पूर्ण केली, तर ते अपयश समजू नका, ती सावधगिरी असते.

त्रास न देणाऱ्या खड्यांना बहुधा शस्त्रक्रिया लागत नाही. वारंवार दुखत असेल तर मात्र टाळू नका. शस्त्रक्रियेनंतर कावीळ, ताप किंवा वाढती पोटदुखी दिसली, तर त्याच दिवशी सर्जनना दाखवा.