'लडाइट' : एका शिवीचा इतिहास



काही वर्षांपूर्वी एका वाटाघाटीच्या बैठकीत मी विचारले, नवी यंत्रे आली म्हणजे जुन्या माणसांचे काय करणार? टेबलापलीकडचे एक गृहस्थ हसून म्हणाले, "तुम्ही अगदी लडाइट दिसता!" माझे शालेय शिक्षण अर्ध्यावर सुटलेले. शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता, पण त्या हसण्याचा अर्थ कळला. घरी येऊन कोश उघडला. 'यंत्राला व नव्या सुधारणेला विरोध करणारा' असा अर्थ दिलेला होता, आणि त्याच्या मागे १८११ हे साल होते. त्या सालाच्या शोधात जे हाती लागले, ते आज आपणापुढे ठेवतो.

इंग्लंडातील नॉटिंगहॅमशायर हा मोजे विणणाऱ्यांचा परगणा. तेथील विल्यम ली नावाच्या गृहस्थाने १५८९ मध्ये मोजे विणण्याचे हातयंत्र तयार केले. म्हणजे १८११ साली ज्या यंत्रांवर घणाचे घाव पडले, त्यांचा शोध लागून सव्वादोनशे वर्षे होत आली होती. ती फोडणारी माणसे यंत्राला बिचकणारी नव्हती. त्यांच्या बापजाद्यांचे पोट त्याच यंत्रावर चालत आले होते.

मग बिघडले कोठे? बहुतेक विणकरांचे यंत्र व्यापाऱ्याच्या मालकीचे असे व त्याचे भाडे विणकराच्या कमाईतून कापले जाई. नेपोलियनशी चाललेल्या युद्धाने बाजार मंदावला, धान्य महागले. अशा वेळी काही व्यापाऱ्यांनी रुंद यंत्रांवर कापड विणून, ते कापून व शिवून, स्वस्त मोजे काढले. ते लवकर उसवत. त्यामुळे साऱ्या धंद्याचे नाव खराब होई. उमेदवारी न केलेली पोरे कामाला लावून दर पाडण्यात आले. कोठे कोठे मजुरी रोख न देता मालाच्या रूपाने दिली जाई. दाद मागावी तर १७९९ व १८०० च्या कायद्यांनी कामगारांनी एकत्र येऊन मजुरी वाढवून मागणे हाच गुन्हा ठरविलेला!

११ मार्च १८११ रोजी नॉटिंगहॅममध्ये विणकर जमले. त्यांना लष्कराकरवी पांगविण्यात आले. त्याच रात्री जवळच्या आर्नल्ड गावात साठांहून अधिक यंत्रे फुटली. पुढे हे लोण पसरले, परंतु त्यात एक शिस्त होती. ठरलेला दर देणाऱ्याची यंत्रे सहसा सुरक्षित राहत. दर पाडणाऱ्याची फुटत. मालकांना धमकीची पत्रे जात, त्यांखाली 'नेड लड' किंवा 'जनरल लड' अशी सही असे. १७७९ च्या सुमारास ह्या नावाच्या एका पोराने रागाच्या भरात यंत्र मोडले, अशी दंतकथा सांगतात; तिला पुरावा नाही. बहुधा असा कोणी सेनापती नव्हताच. पण त्या सहीवरून त्याच्या अनुयायांना 'लडाइट' हे नाव पडले. ज्या नावाने मालकांची झोप उडत होती, ते त्या वेळी हसण्यावारी नेण्याजोगे नव्हते.

१८१२ मध्ये यॉर्कशायरातील लोकरी कापडाची लव कातरणारे कारागीर ह्या चळवळीत आले. त्यांच्या हातातील घणाला ते 'ईनॉक' म्हणत. कारण ईनॉक टेलर नावाच्या लोहाराच्या कारखान्यात कातरणीची यंत्रेही होत आणि हे घणही! एप्रिलमध्ये रॉफोल्ड्स गिरणीवरचा हल्ला फसला व दोन हल्लेखोर मेले. त्याच महिन्यात विल्यम हॉर्सफॉल ह्या गिरणीमालकाला गोळी घालून ठार मारण्यात आले. हे कृत्य मी झाकणार नाही व त्याचे समर्थनही करणार नाही. चळवळीवरील लोकांची सहानुभूती अशाच कृत्यांनी आटते.

तथापि दुसरी बाजूही पाहा. त्याच वर्षी यंत्र फोडणाऱ्यास देहान्त शासन देणारा कायदा झाला. २७ फेब्रुवारीला तरुण कवी लॉर्ड बायरन ह्यांनी उमरावांच्या सभेत आपले पहिलेच भाषण त्याच्या विरोधात केले, पण उपयोग झाला नाही. इकडे ग्रॅव्हनर हेन्सन ह्यांच्या पुढाकाराने विणकरांनी सनदशीर मार्गही धरला होता. धंद्यातील लबाडी रोखणारे त्यांचे विधेयक लोकसभागृहाने संमत केले. उमरावांनी ते फेटाळले. घण उगारला तर फास, अर्ज केला तर नकार! जानेवारी १८१३ मध्ये यॉर्क येथे सतरा जण फासावर चढले.

माणसे गेली, शब्द राहिला. विसाव्या शतकात तो विणकरांपासून सुटला आणि नव्याला नाक मुरडणाऱ्या कोणालाही लागू लागला. १९५९ मध्ये सी. पी. स्नो ह्यांनी केंब्रिजच्या प्रसिद्ध व्याख्यानात तो साहित्यिकांना उद्देशून वापरला. १९९० च्या सुमारास मात्र काही अमेरिकनांनी 'नवलडाइट' हे नाव आपण होऊन घेतले. संगणक शिकायला कंटाळणारा मनुष्य आज थट्टेने स्वतःला लडाइट म्हणवतो. ह्या प्रवासात एक गोष्ट गळून पडली, ती म्हणजे विणकरांचा मूळ प्रश्न : यंत्र कोणाच्या अटींवर चालणार?

हा प्रश्न परका नाही. १९२८ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत संप केला, तेव्हा एका विणकराने दोनाऐवजी तीन माग सांभाळावेत की नाही, हाही त्यात एक वाद होता. २०२३ मध्ये अमेरिकेतील चित्रपटलेखकांनी १४८ दिवस लेखणी खाली ठेवली, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापराला करारात मर्यादा घालून घेतल्या. त्यांनी कोणतेही यंत्र फोडले नाही. विणकरांना जे मिळाले नव्हते ते त्यांना मिळाले होते : संघटनेचा हक्क आणि वाटाघाटीचे टेबल.

म्हणून पुन्हा कोणी मला लडाइट म्हणाले, तर मी रागावणार नाही. घण माझ्याजवळ नाही, त्याची मला गरजही नाही. विणकरांचा प्रश्न तेवढा माझ्याजवळ आहे. त्याचे उत्तर मिळेपर्यंत मी टेबलावरून उठणार नाही, एवढेच त्या गृहस्थांना सांगेन.