चंद्रावरची पंखवाली माणसे

२५ ऑगस्ट १८३५ रोजी न्यूयॉर्कच्या 'सन' या एका सेंटला मिळणाऱ्या दैनिकाने एक लेखमाला सुरू केली. सर जॉन हर्शेल यांनी केप ऑफ गुड होप येथे २४ फूट व्यासाच्या भिंगाची दुर्बीण उभारली असून तिच्यातून चंद्रावर अरण्ये, प्राणी, एवढेच नव्हे तर वटवाघळासारखे पंख असलेली चार फुटी माणसेही दिसली, असे तीत म्हटले होते. सहा हप्ते निघाले. पुष्कळांनी ते खरे मानले.

थापेत सत्याची भेसळ होती. हर्शेल नामवंत खगोलशास्त्रज्ञ होते आणि १८३४ पासून केपला खरोखरच निरीक्षणे करीत होते. परंतु ज्या 'एडिंबरो जर्नल ऑफ सायन्स'मधून मजकूर घेतल्याचे सांगितले होते, ते नियतकालिक तेव्हा बंद पडलेले होते.

दुसरा पडताळा प्रकाशशास्त्रातला. प्रकाशाच्या विवर्तनामुळे २४ फुटी भिंगातून, ते कितीही निर्दोष असले तरी, चंद्रावरील सुमारे ३५ मीटरपेक्षा कमी अंतरावरचे दोन बिंदू वेगळे दिसू शकत नाहीत. मग चार फुटी माणूस कसा दिसणार?

नववी-दहावीच्या मुलांपुढे हा मजकूर आधी 'बातमी' म्हणूनच ठेवून पाहावा. ती मूळ कोठे छापली गेली? सांगणाऱ्याला हे कसे कळले? आकडे जुळतात का? उत्तरे मुलांनाच शोधू द्यावीत. आज मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरालाही हेच प्रश्न विचारायचे असतात. एकदा स्वतः फसून शिकलेला धडा मुले सहसा विसरत नाहीत.