तळटीप : 'निजामाचा गोरा वैमानिक'

हा सिडनी कॉटन (१८९४–१९६९). गोरा खरा, पण इंग्रज नव्हे, ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचा. मजकुरातले टेंभुर्णी गाव तेव्हा निजामाच्या मुलखात होते आणि वऱ्हाडची सरहद्द जवळच, देऊळगाव राजाच्या अंगाला. निजामाला विमानातून बंदुका येतात, ही आवई अशा गावात पोचली नसती तरच नवल. आणि ती खरीच होती. १९४८मध्ये कॉटनची लँकेस्ट्रियन विमाने, म्हणजे लँकेस्टर बाँबफेकी विमानांचेच वाहतुकीसाठी बदललेले रूप, कराचीहून रात्री निघत आणि बीदर, वरंगळकडे शस्त्रे उतरवून परतत.

लेखकाने त्याला 'भाडोत्री' म्हणून निकालात काढले आहे. पैशासाठी आला हे खरेच. पण माणूस साधा नव्हता. पहिल्या महायुद्धात तो ब्रिटिश नौदलाचा वैमानिक. उंचावरच्या थंडीसाठी त्याने बेतलेला 'सिडकॉट' पोशाख दुसऱ्या महायुद्धातही वैमानिकांच्या अंगावर होता. १९३९मध्ये वरकरणी प्रवासी दिसणाऱ्या लॉकहीडच्या पोटात कॅमेरे दडवून त्याने जर्मनीची छायाचित्रे टिपली. १९४०मध्ये हवाई छायाचित्रणाच्या पथकाचे प्रमुखपद गेले, १९४१मध्ये ओबीई हा किताब मिळाला. हैदराबादच्या फेऱ्यांबद्दल मात्र लंडनच्या न्यायालयाने २०० पौंड दंड ठोठावला.

लेखकाने पुढे वर्णिलेले 'बर्फातले उतरणे' कॉटनचे नव्हे. २४ मे १९४८ रोजी डाकोटा विमान लेहला उतरवले ते एअर कमोडोर मेहर सिंग यांनी, सोबत जनरल थिमय्या. मेहर सिंग यांना महावीरचक्र मिळाले. त्या उड्डाणाचा निजामाशी काहीही संबंध नाही.