एक मार्च आणि ‘होळीचा सण’

कार्डिफमध्ये १ मार्च हा वेल्सचे संत डेव्हिड यांचा स्मृतिदिन. १९७९ साली याच दिवशी वेल्सच्या मतदारांनी स्वतःच्या विधानसभेचा प्रस्ताव सुमारे चारास एक मतांनी नाकारला; १९९७ साली मात्र निसटत्या बहुमताने तो स्वीकारला.

२०१८ साली याच दिनांकी पुरीम आला आणि सायंकाळी महाराष्ट्रात होळी पेटली. आमच्या पूर्वजांस याचे नवल वाटले नसते. अदारची चतुर्दशी व फाल्गुनी पौर्णिमा बहुधा लागूनच येतात. कोकणात ते पुरीमला ‘होळीचा सण’च म्हणत.

वेल्सने नाकारलेले पुढे मिळविले. विसरलेला शब्द मात्र मतदानाने परतत नाही. म्हणून परदेशी वाढणाऱ्या आमच्या मुलांना एस्तेरच्या कथेबरोबर हे मराठी नावही आपण सांगितले पाहिजे.