कुलूपबंद खोली आणि परीक्षक : प्रायव्हेट मेथडच्या चाचणीचा वाद

१/ प्रोग्राममधील काही भाग बाहेरच्यांपासून मुद्दाम लपवलेला असतो. मग तो बिनचूक चालतो की नाही, हे तपासायचे कसे? लपवण्याची आणि तपासण्याची शिस्त वेगवेगळ्या काळात जन्मली. त्यांची गाठ पडली तेव्हा उभा राहिलेला वाद आजही मिटलेला नाही. त्याचा हा इतिहास. 🧵

२/ डिसेंबर १९७२. कार्नेगी-मेलन विद्यापीठातील डेव्हिड पार्नास यांचा निबंध 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. प्रश्न साधा होता : मोठा प्रोग्राम तुकड्यांत विभागायचा, तर कोणत्या निकषावर?

३/ उदाहरण शब्दसूचीचे. ओळ घ्यायची, तिचा पहिला शब्द शेवटी नेत नेत सर्व रूपे करायची आणि ती अकारविल्हे लावायची. कामाच्या पायऱ्यांनुसार तुकडे पाडले, तर ओळी साठवण्याची रीत बदलताच सगळेच तुकडे बदलावे लागत.

४/ पार्नास यांनी दुसरी विभागणी मांडली. बदलण्याजोगा प्रत्येक निर्णय एकेका तुकड्याच्या पोटात ठेवायचा; मग बदलाची झळ बाहेर पोचत नाही. हे लपवणे गुप्ततेसाठी नव्हते. पुढे बदल करण्याचे स्वातंत्र्य त्यातून राखले जात होते.

५/ 'क्लास' ही कल्पना त्याआधीच ऑस्लोत, डाल आणि नीगार्ड यांच्या सिम्युला ६७ या भाषेत आली होती; पण तिच्या मूळ रूपात लपवण्याची सोय नव्हती. बेल लॅब्जमध्ये बियार्ने स्ट्रॉस्ट्रुप यांनी १९७९पासून घडवलेल्या, पुढे सी++ झालेल्या भाषेत 'प्रायव्हेट' आणि 'पब्लिक' ही सीमारेषा आली. १९९५मध्ये आलेल्या जावाने ती सर्वत्र रुळवली.

६/ तपासण्याची परंपरा मात्र स्मॉलटॉककडून आली. १९९४मध्ये केंट बेक यांनी त्या भाषेसाठी चाचण्यांची एक छोटी चौकट प्रसिद्ध केली. स्मॉलटॉकमध्ये प्रत्येक मेथड बाहेरून हाक मारण्याजोगी असते. 'प्रायव्हेट' ही केवळ संकेताने लावलेली चिठ्ठी. परीक्षकापुढे कुलूपच नव्हते.

७/ १९९७. झुरिकहून अटलांटाला जाणाऱ्या विमानात बेक आणि एरिख गामा यांनी तीच कल्पना जावात उतरवली. हेच जेयुनिट. पण जावात प्रायव्हेट मेथडला बाहेरून हाक मारली, तर कंपायलरच अडवतो. कुलूप आता खरे होते.

८/ पेच असा. एका क्लासमध्ये 'भाडे काढ' ही खुली मेथड आहे आणि आत 'टप्पा ठरव' ही प्रायव्हेट. टप्प्याची थेट चाचणी लिहिली, तर चूक नेमकी सापडते. परंतु उद्या टप्प्यांची रीत बदलली, तर भाडे अचूक असूनही ती चाचणी मोडते. लपवून राखलेले स्वातंत्र्य चाचणीच हिरावून घेते.

९/ म्हणून एक पक्ष म्हणतो : खुल्या दारातूनच तपासा. दुसरा म्हणतो : आतला हिशेब गुंतागुंतीचा असेल, तर दारातून सगळे दिसत नाही. मायकेल फेदर्स यांनी २००४च्या ग्रंथात तिसरी वाट दाखवली. प्रायव्हेट मेथड तपासण्याची गरज भासत असेल, तर ती खुली करावी. तसे करणे खटकत असेल, तर तो क्लास फार कामे करतो आहे, म्हणून तो भाग वेगळ्या क्लासमध्ये न्यावा.

१०/ चोरवाटाही होत्या. १९९८च्या जावा १.२मध्ये रिफ्लेक्शनद्वारे प्रायव्हेट सदस्यांपर्यंत पोचण्याची सोय आली. चाचण्यांनी ती वापरलीच, शिवाय अनेक लायब्ररींनी खुद्द जावाच्या अंतर्भागातही हात घातला.

११/ परिणाम पार्नास यांच्या इशाऱ्याबरहुकूम झाला. ज्या अंतर्भागावर इतरांनी भिस्त ठेवली, तो जावाच्या कर्त्यांना मोकळेपणे बदलता येईना. २०१७च्या जावा ९मधील मॉड्यूल-व्यवस्थेने आणि २०२१च्या जावा १६ने त्या अंतर्भागाची दारे टप्प्याटप्प्याने लावून घेतली. जुन्या लायब्ररींना त्याची किंमत मोजावी लागली.

१२/ रस्ट या भाषेत चाचण्या त्याच फाईलमध्ये राहून प्रायव्हेट फंक्शन तपासू शकतात. तरीही तशा चाचण्या लिहाव्यात की नाही यावर मतभेद आहेत, हे तिचे अधिकृत पुस्तकच नोंदवते. कुलूप काढले तरी प्रश्न उरतोच. प्रत्येक चाचणी हे एक वचन असते : 'हे असेच राहील.' ते वचन कोणत्या गोष्टीबद्दल द्यायचे, हा वादाचा खरा विषय आहे.