एकाच आजोळची दोन नातवंडं

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’मध्ये राजकन्येला सोडवायला एक तास मिळतो. बदलापूरहून दादरला पोचायला लोकलला त्याहून थोडा जास्त वेळ लागतो. हा हिशेब जमतो म्हणून, आणि अर्थात जुन्या प्रेमापोटी, चाळिशी ओलांडलेले बरेच जण आता फोनवर हा खेळ खेळतात. अँड्रॉइडवर मॅजिक डॉसबॉक्ससारखं अॅप टाकायचं, त्यात खेळाचं फोल्डर दाखवायचं, की काळ्या पडद्यावर सी प्रॉम्प्ट उभा राहतो. मग बोट आपोआप ‘प्रिन्स’, जागा सोडून ‘मेगाहिट’ असं टाइप करतं. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात नव्वदच्या दशकात ज्यांनी कॉम्प्युटर क्लास लावला, त्यांना डॉस या तेव्हाच्या पीसीप्रणालीच्या कमांड एक वेळ आठवणार नाहीत, पण हा मंत्र आठवतो. शिफ्ट आणि एल दाबलं की पुढची लेव्हल, शिफ्ट आणि टी दाबलं की आयुष्याचा एक त्रिकोण जास्त. ‘मेगाहिट’ चालायचं ते खेळाच्या पहिल्या आवृत्तीत. नंतरच्या आवृत्त्यांत तो शब्द बदलून ‘इम्प्रूव्हड’ झाला. त्यामुळे आपल्या क्लासात कुठला शब्द चालायचा एवढं कुणी सांगितलं, तरी तिथल्या फ्लॉपीवर कुठली आवृत्ती होती हे मी सांगू शकतो.

खेळाची सर्वांना ठाऊक असलेली वंशावळ थोडक्यात उरकतो. जॉर्डन मेकनर या अमेरिकी तरुणाने तो अॅपल टू या संगणकासाठी लिहिला, १९८९ साली. १९९० ला तो डॉसवर आला आणि तिथून जगभर गेला. जुन्या पीसीचं सोंग घेणारं डॉसबॉक्स २००२ चं, पहिला अँड्रॉइड फोन २००८ चा. झालं.

मला ज्या गोष्टीने झपाटलं ती या वंशावळीत नाही, ती तिच्या खाली आहे. अॅपल टूच्या पोटात ६५०२ नावाची चिप होती. मॉस टेक्नॉलॉजीने ती १९७५ मध्ये २५ डॉलरला बाजारात आणली, तेव्हा तशाच इतर चिपांची किंमत कितीतरी पट होती. मेकनरने प्रिन्सची एकेक उडी याच चिपच्या असेंब्ली भाषेत लिहिली. आणि आज आपल्या हातातल्या फोनची जी एआरएम चिप तो खेळ चालवते, तीसुद्धा आधी ६५०२ वरच चालली होती, स्वतः जन्माला येण्यापूर्वी.

हे कसं, ते सावकाश सांगतो. इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने १९८१ मध्ये शाळांसाठी ‘बीबीसी मायक्रो’ हा संगणक काढला. त्याचा मेंदू ६५०२. पुढचा संगणक ताकदवान हवा होता, पण बाजारातली एकही नवी चिप एकॉर्नच्या मंडळींना पसंत पडेना. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर अमेरिकेत अॅरिझोनाला गेले. तिथे ६५०२ ची पुढची पिढी तयार होत होती. एवढी मोठी चिप मूठभर माणसं एका साध्या जागेत बसून करताहेत हे पाहून त्यांना वाटलं, मग आपणही करू शकतो. १९८३ च्या ऑक्टोबरात एआरएमचं काम सुरू झालं. चिप हातात नव्हती, कागदावर होती. तेव्हा विल्सन यांनी तिची हुबेहूब नक्कल बेसिक भाषेत लिहिली आणि ती बीबीसी मायक्रोवर चालवली. जोडीला दुसरा ६५०२ लावून. जी चिप अजून जगात नव्हती, तिचे हुकूम दोन ६५०२ मिळून पाळत होते. एम्युलेशन, म्हणजे एका यंत्राने दुसऱ्याचं सोंग घेणं, ते दुसरं काय?

खरी चिप २६ एप्रिल १९८५ ला आली आणि तिलाही बीबीसी मायक्रोलाच जोडून चालवलं गेलं. ती किती वीज खाते हे पाहायला फर्बर यांनी मीटर लावला, तर काटा शून्यावर. चिप मात्र बिनतक्रार काम करत होती. शोध घेतल्यावर कळलं की बोर्डातून तिच्याकडे वीजपुरवठा जोडलेलाच नव्हता. इतर तारांतून जे थोडं गळत होतं त्यावरच ती चालली होती. हा काटकसरीचा गुणच तिला पुढे फोनमध्ये घेऊन आला. १९९० मध्ये एकॉर्न, अॅपल आणि व्हीएलएसआय यांनी मिळून तिची स्वतंत्र कंपनी काढली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस नोकिया ६११० मध्ये ती बसली. सापाचा खेळ ज्या फोनवर पहिल्यांदा आला तो हाच.

म्हणून माझं म्हणणं असं, की प्रिन्स आणि फोनची चिप ही एकाच आजोळची नातवंडं आहेत. मधल्या काळात ती वेगळ्या घरी वाढली आणि आता पुन्हा भेटली.

यावर एक आक्षेप लगेच येतो आणि तो वजनदार आहे. आपण खेळतो तो डॉसचा प्रिन्स. तो इंटेल घराण्याच्या चिपसाठी पुन्हा लिहिला गेला. त्यात ६५०२ च्या असेंब्लीची एक ओळही नाही. शिवाय ६५०२ कुठे नव्हती? कमोडोर, अटारी, निन्टेन्डो, सगळीकडे तीच किंवा तिची भावंडं. मग हे नातं कसलं, हा तर योगायोग.

उत्तर म्हणून मी प्रिन्सची सावली पुढे करतो. खेळात एका आरशातून उडी मारली की प्रिन्समधून त्याचं काळं प्रतिरूप बाहेर पडतं आणि पुढे आडवं येत राहतं. मेकनरला खेळात एक शत्रू हवा होता, पण धावण्या-चढण्याच्या चित्रांनीच अॅपल टूची मेमरी भरून गेली होती. ती चित्रं त्याने आपल्या भावाला धावायला-उड्या मारायला लावून, त्याचं चित्रीकरण करून, फ्रेमागणिक गिरवली होती. ती टाकणं शक्यच नव्हतं. मग त्याने प्रिन्सचंच चित्र एक बिट सरकवून मूळ चित्राशीच ‘एक्स-ऑर’ केलं, म्हणजे दोन्हींत वेगळे पडणारे ठिपकेच ठेवले. नवं चित्र न साठवता एक लखलखती सावली मिळाली. पीसीवर ही टंचाई नव्हती, वेगळा राक्षस सहज काढता आला असता. तरी सावलीच राहिली. भावाच्या हालचालीही तशाच, आणि उडीआधीची ती अर्ध्या पावलाची ओढही. कोड बदलला, पण अॅपल टूच्या अडचणीने दिलेलं अंगवळण बदललं नाही. कुळ मी त्यालाच म्हणतो.

आणि एआरएमचं नातं केवळ शेजाराचं नाही. मोजके, साधे हुकूम आणि मेमरीशी झटपट व्यवहार ही ६५०२ ची शिस्त विल्सन-फर्बर यांनी जाणूनबुजून घेतली होती.

फोनवरच्या एम्युलेशनच्या मूळपणाचे दुसरे दावेदारही आहेत. ‘एम्युलेटर’ हा शब्द आयबीएमने १९६३ मध्ये घडवला, ते श्रेय त्यांचं. काही जण फोनवरच्या पीसी खेळांचं मूळ १९९३ च्या ‘वाइन’ प्रकल्पात शोधतात. नव्या विंडोज खेळांपुरतं ते बरोबर आहे. ‘विनलेटर’ अॅपमध्ये वाइन असतंच. पण वाइन विंडोजची कामं लिनक्सकडून करवून घेतं, चिपचं सोंग घेत नाही. इंटेलचा हुकूम एआरएमला समजावण्याचं काम बॉक्स८६ आणि बॉक्स६४ हे प्रोग्रॅम करतात. डॉसबॉक्स मात्र सगळा पीसी उभा करतं: चिप, साउंड कार्ड, घड्याळ. प्रिन्ससारख्या खेळाला ते आपणहून सेकंदाला ३० लाख हुकूम एवढाच वेग देतं. फोन त्याच्या कित्येक पट करू शकतो, तरी थांबून राहतो.

आमच्याकडे ‘डुप्लिकेट’ म्हटलं की उल्हासनगरचं नाव निघतं, ‘मेड इन यूएसए’मधलं ‘यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन हा विनोद सगळ्यांनी ऐकलेला. एम्युलेटरलाही लोक डुप्लिकेट पीसी म्हणतात. मला ते पटत नाही. डुप्लिकेट वस्तू बाहेरून तशीच दिसते, आतून निराळी असते. एम्युलेटर बाहेरून अजिबात पीसीसारखा दिसत नाही, आत मात्र प्रत्येक हुकूम इमानाने पाळतो. उल्हासनगरच्या कॅम्पातल्या दुकानातून घेतलेला जुना अँड्रॉइड फोनही हे काम न अडखळता करतो. कीबोर्डच्या बाणांची जागा पडद्यावरच्या बटणांनी घेतल्यामुळे काठावर लोंबकळताना बोट घसरतं, तेवढी एक तक्रार. छोटा ब्लूटूथ कंट्रोलर घेतला तर तीही मिटते.

या कुळाची एक शाखा थेट आपल्याकडे आली होती. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी ‘क्लास’ नावाची संगणक साक्षरता योजना काढली, आणि त्यासाठी निवडलेला संगणक होता तोच बीबीसी मायक्रो. मोहालीच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्सने तो ‘युनिकॉर्न’ या नावाने इथे बनवलाही. ज्या यंत्रावर आपल्या फोनची चिप पहिल्यांदा रांगली, तेच यंत्र भारतातल्या शाळांच्या टेबलांवर होतं. माझा कयास असा की त्यांतली बरीच पुढे पीसी आल्यावर कपाटात गेली आणि काही अजून तिथेच आहेत.

तेव्हा शिक्षकांना आणि माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. शाळेच्या प्रयोगशाळेतलं जुनं सामान भंगारात देण्याआधी एकदा नीट बघा. वरच्या रांगेत लाल रंगाच्या फंक्शन कळा असलेला फिकट, जाडजूड कीबोर्ड दिसला, तर तो विकू नका.