बाल-अवयव प्रत्यारोपणातील विषमता : धाराशिव जिल्हा

मूत्रपिंड, यकृत वा हृदय निकामी झालेल्या अठरा वर्षांखालील मुलांना प्रत्यारोपणाची संधी वंश, जात, लिंग, उत्पन्न आणि गाव यांनुसार कमी-अधिक मिळणे. अमेरिकेत कृष्णवर्णीय मुलांना डायलिसिस सुरू होण्याआधी किंवा जिवंत दात्याकडून मूत्रपिंड मिळण्याचे प्रमाण गोऱ्या मुलांपेक्षा कमी आढळले. तिथे रुग्णाचा वंश नोंदला जातो, म्हणून ही तफावत मोजता आली. भारतातील राष्ट्रीय आकडेवारी स्त्री-पुरुष भेद दाखवते, जात नाही. 1995 ते 2021 मधील 36,640 प्रत्यारोपणांपैकी स्त्रियांच्या वाट्याला 6,945 आली, एवढे त्यातून कळते. पारधी, वडार किंवा मातंग समाजातील किती मुलांना अवयव मिळाला, हे कळायला वाट नाही. ही उणीव गंभीर आहे.

मराठवाड्यातील आठ तालुक्यांचा धाराशिव 2018 पासून नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक आहे. 1994 च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याखालील मराठवाड्याची प्रतीक्षायादी छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय समितीकडे असते. वाटपाच्या नियमांत लहान मुलांना झुकते माप आहे. मात्र यादीत नाव लागण्यासाठी मूल आधी प्रत्यारोपण केंद्रापर्यंत पोहोचावे लागते, आणि बहुतेकांची वाट तिथेच अडते.

कळंब, वाशी, भूम, परंडा भागातील ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात. लेकरेही फडावर असतात. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या-शाळांत तपासणी करतात. त्या दिवशी गावात नसलेले मूल सुटते. मूत्रमार्गातील जन्मजात अडथळा, वारंवार येणारा ताप, चेहऱ्यावरची सूज यांकडे वेळीच लक्ष गेले तर मूत्रपिंड पुष्कळदा टिकवता येते. यकृताबाबत तर आठवडेच मोजावे लागतात. पित्तनलिका बंद असलेल्या तान्ह्याची शी पांढुरकी होते. त्यावरची कासाई शस्त्रक्रिया पहिल्या दोन महिन्यांत झाली तर सर्वाधिक उपयोगी ठरते. ती संधी हुकली की बहुतेकदा प्रत्यारोपणच उरते.

मुलाला अवयव देणारे बहुधा आई किंवा वडील असतात. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीचा मिळून एक कोयता, म्हणजे कामाचे एक एकक, धरतात. एकाने मूत्रपिंड दिले की कित्येक आठवडे त्याचे जड काम बंद, दुसरा लेकरापाशी दवाखान्यात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल मात्र अंगावर राहते. दाता-रुग्णाचे नाते सिद्ध करायला जन्मदाखला, शिधापत्रिका, आधार लागते. 1871 च्या कायद्याने गुन्हेगार ठरवलेल्या आणि 1952 मध्ये त्यातून मुक्त झालेल्या जमातींतील अनेक कुटुंबांकडे हीच कागदपत्रे नसतात. तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडीचा शिक्षणप्रकल्प अशाच भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी उभा राहिला.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतील मूत्रपिंड प्रत्यारोपणाची मर्यादा 2023 मध्ये अडीच लाखांवरून साडेचार लाख करण्याचा निर्णय झाला, आणि त्याने मोठा आधार दिला. पुण्या-मुंबईतली खोली, एसटीचे भाडे, बुडालेली मजुरी यांचा बोजा मात्र कुटुंबावरच पडतो. शस्त्रक्रियेनंतर शरीराने अवयव नाकारू नये म्हणून औषधे रोज ठरल्या वेळी, नवे मूत्रपिंड चालते आहे तोवर घ्यावी लागतात आणि रक्तातील त्यांची पातळी पुन्हा पुन्हा तपासावी लागते. हंगामात फडावर राहणाऱ्या मुलाला हे दोन्ही अवघड जाते.